कॅन्सरच्या उपचारात लघवीला आग होते तेव्हा: धने, गोखरू आणि पुडीतलं औषध

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झालं, की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बऱ्याच बायका एक तक्रार दबक्या आवाजात सांगू लागतात. लघवीला सारखं जावं लागतं, थेंब थेंब होते, आग होते, रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं. डॉक्टरांच्या आधी हे शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळतं आणि उपायही तिथल्या तिथे मिळतो. धने-जिरे रात्री भिजत घाल, सब्जा घे, वाळ्याचं पाणी पी, गोखरूचा काढा कर. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणारी कितीतरी माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. अशा ठिकाणी विदर्भापासून कोकणापर्यंतचे आजीबाईंचे बटवे एकत्र येतात, आणि प्रत्येकीला वाटतं की आपला उपाय हमखास गुण देतो.

या उपायांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यातले काही खरोखर आराम देतात, काहींनी ना फायदा होतो ना तोटा, आणि काही मात्र किडनी आधीच थकलेली असेल तर जिवावर बेततात. कुठला उपाय कशात मोडतो, हे नुसत्या वनस्पतीवर ठरत नाही. आग कशामुळे होते आहे, यावर ते ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आग एक, कारणं अनेक

गर्भाशयमुख, प्रोस्टेट किंवा गुदाशयाच्या गाठीवर किरण सोडले, की मूत्राशय त्यांच्या वाटेतच असतं. मूत्राशयाच्या आतलं नाजूक अस्तर सुजतं. सुजलेलं मूत्राशय थोडीशी लघवी साठली तरी भरल्याचा निरोप मेंदूला पाठवतं, म्हणून सारखं जावं लागतं. ही सूज बहुतेकांच्या बाबतीत उपचार संपल्यावर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ओसरते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण याच काळात घेतलेल्या कुठल्याही काढ्याला बरं होण्याचं श्रेय मिळतं. काढा घेतला नसता तरी आग त्याच सुमाराला थांबली असती.

दुसरं कारण केमोचं. सायक्लोफॉस्फमाइड आणि आयफॉस्फमाइड ही औषधं शरीरात मोडली, की त्यांतून ॲक्रोलिन नावाचा दाहक पदार्थ तयार होतो. तो लघवीत उतरतो आणि मूत्राशयात जितका वेळ पडून राहील तितका वेळ अस्तर जाळत राहतो. मात्रा मोठी असेल तर लघवीतून रक्त जाऊ लागतं. यावर मेस्ना नावाचं औषध दिलं जातं, आणि ते ज्या रीतीने काम करतं ते खरोखर पाहण्यासारखं आहे. रक्तात असताना मेस्ना जवळजवळ निष्क्रिय असतं. किडनीत पोचलं की ते पुन्हा सक्रिय होतं आणि लघवीतल्या ॲक्रोलिनला धरून ठेवतं. त्यामुळे मूत्राशय वाचतं, पण गाठीवर चाललेल्या केमोच्या कामात अडथळा येत नाही. हा मुद्दा पुढे अश्वगंधेबद्दल बोलताना लागणार आहे.

तिसरं कारण जंतुसंसर्ग. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, कधी कॅथेटर (लघवी बाहेर काढणारी नळी) किंवा किडनीतला स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) असतो, आणि लघवीत जंतू वाढतात. आग तशीच, वारंवार जाणंही तसंच. रेडिएशनची सूज आणि संसर्ग यांतला फरक लक्षणांवरून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहणं, करावं लागतं. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये थेट मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लशीतले कमजोर केलेले जंतू) सोडतात, तेव्हा होणारी एक-दोन दिवसांची जळजळ ही आणखी वेगळी. तिथे सूज येणं हा उपचाराचाच भाग असतो.

चौथं कारण सगळ्यात फसवं आहे. गर्भाशयमुखाची गाठ बाजूला पसरली, तर किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी तिच्याखाली दाबली जाते. लघवी वरच अडते, किडनी फुगते, आणि किडनी किती काम करते आहे हे दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. घरच्यांना दिसतं एवढंच, की लघवी कमी होते आहे आणि पायांवर सूज आहे. मग कुणीतरी 'लघवी साफ होण्यासाठी' गोखरू-पुनर्नव्याचा काढा सुरू करतं. मोरी तुंबलेली असताना वरून नळ सोडल्यासारखं आहे हे. इथे नळीत स्टेंट घालून किंवा पाठीतून किडनीत नळी बसवून वाट मोकळी करावी लागते. त्यात गेलेला प्रत्येक दिवस किडनीला महाग पडतो, आणि किडनी गेली तर सिस्प्लाटिनसारखं केमोचं महत्त्वाचं औषधही देता येत नाही.

स्वयंपाकघरातले उपाय

धने-जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी, सब्जा घातलेलं पाणी, वाळ्याचं सरबत, ताक. या सगळ्यांत मुख्य औषध आहे पाणी. लघवी पातळ झाली, की सुजलेल्या अस्तराला कमी झोंबते. आग होते म्हणून पाणीच कमी प्यायचं, असं पुष्कळ पेशंट करतात. त्याने लघवी गडद आणि तीव्र होते, आग वाढते, आणि संसर्गालाही वाव मिळतो. ज्या बाईला नुसतं पाणी नकोसं झालं आहे, केमोमुळे तोंडाला चव नाही, तिला धन्याचा वास असलेलं पाणी दोन घोट जास्त जात असेल, तर तो उपाय उत्तमच आहे. धन्यात काही जादू आहे म्हणून तो चालतो असं नाही, दोन घोट जास्त जातात म्हणून चालतो.

पाणी किती प्यायचं, हे मात्र ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. किडनी आणि हृदय ठणठणीत असेल तर साधारणपणे दिवसाला दोन ते अडीच लिटर सांगतात. सायक्लोफॉस्फमाइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या शक्यतो सकाळी घ्यायला सांगतात, दिवसभर भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जायला सांगतात, आणि झोपण्यापूर्वी मूत्राशय रिकामं करायला सांगतात. ॲक्रोलिन रात्रभर आत साठून राहू नये, हा त्यामागचा हेतू. रेडिएशनच्या सुजेत गणित थोडं वेगळं. पाणी दिवसा प्यावं, संध्याकाळनंतर कमी करावं, म्हणजे रात्रीची झोप सारखी मोडत नाही. चहा-कॉफी कमी केली, तंबाखू-मिश्री सोडली, तिखट बेतानं खाल्लं, तर काही दिवसांत फरक जाणवतो. काढ्यासाठी चार प्रकारची मुळं शोधत फिरणाऱ्या घरात दिवसाला सहा कप चहा चालू असतो, हे मी इतकं पाहिलं आहे की कुणी विचारलं तर आधी चहाबद्दलच बोलते.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कुणी समजावून सांगत नाही. ओटीपोटाच्या रेडिएशनला येताना बऱ्याच ठिकाणी मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात. आधी लघवी करून या, मग ठरलेलं पाणी प्या, ठरलेला वेळ थांबा. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं आणि स्वतःचाही वरचा भाग किरणांपासून दूर नेतं. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला मूत्राशय जेवढं भरलेलं होतं, साधारण तेवढंच ते रोज असावं लागतं. सकाळी गोखरूचा काढा किंवा तांब्याभर धन्याचं पाणी पिऊन आलेल्या माणसाचं मूत्राशय एक दिवस तुडुंब असतं, तर दुसऱ्या दिवशी वाट पाहताना धीर सुटून रिकामं झालेलं असतं. म्हणून लघवी वाढवणारं काहीही घ्यायचं असेल, तर ते किरणं घेऊन झाल्यावर घ्यावं. आग इतकी असेल की मूत्राशय भरून धरणंच जमत नाही, तर मशीनवरच्या तंत्रज्ञाला तसं स्पष्ट सांगावं. लाजून गप्प राहण्याने नुकसान आपलंच होतं.

शहाळ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ते प्रत्येक पेशंटच्या उशाशी असतं. किडनी नीट असेल तर शहाळं चांगलंच. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. क्रिएटिनिन वाढलेलं असताना, म्हणजे किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नसताना, रोज दोन-तीन शहाळी दिली तर रक्तातलं पोटॅशियम चढतं, आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाची लय बिघडते. प्रेमाने दिलेली वस्तूच घात करते. रिपोर्टवर क्रिएटिनिन किती आहे, हे घरातल्या एकाला तरी माहीत असलं पाहिजे. उसाच्या रसाची अडचण वेगळी आहे. गाड्यावरचा रस आणि त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कळत नाही, आणि केमोतल्या माणसाला साधा जुलाबही भारी पडतो.

गोखरू, पुनर्नवा, वायवर्णा

लघवीच्या त्रासांवर आयुर्वेदाने खूप बारकाईने विचार केला आहे. चरकसंहितेत मूत्रविरेचनीय, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या दहा द्रव्यांचा गणच आहे. त्यात श्वदंष्ट्रा म्हणजे गोखरू आहे, पाषाणभेद आहे, दर्भ, कुश, काश ही गवतं आहेत. पण हे सगळं ज्या मूत्रकृच्छ्रासाठी, म्हणजे लघवी कष्टाने होण्याच्या त्रासासाठी, लिहिलं गेलं, त्यात किरणांनी भाजलेलं मूत्राशय किंवा ॲक्रोलिन नव्हतं. जुन्या ग्रंथकारांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. त्यांचं औषध आजच्या वेगळ्या आजाराला तसंच्या तसं लावणारे आपण आहोत.

गोखरू म्हणजे माळरानावर पायात रुतणारा सराटा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने लघवी वाढल्याचं दिसलं आहे. पण सुजलेल्या मूत्राशयाला जास्त लघवी हवी आहे का? आधीच दर अर्ध्या तासाला जाणाऱ्या माणसाला काढ्याने दर वीस मिनिटांनी जावं लागेल. प्रोस्टेटच्या पेशंटने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुरुषी हार्मोन वाढवणारं म्हणून गोखरू व्यायामशाळांत विकलं जातं. माणसांमधल्या अभ्यासांत हा दावा नीट सिद्ध झालेला नाही. तरीही ज्याचे उपचार हेच हार्मोन दाबण्यासाठी चालू आहेत, त्याने ही शंका अंगावर घेऊ नये. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते, त्यावरही गोखरूचा इलाज नाही. तिथे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम उपयोगी पडतात, आणि ते फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावेत.

पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी. तिची भाजी खाणं वेगळं आणि अर्काच्या गोळ्या घेणं वेगळं. तिच्यातही पोटॅशियमचे क्षार असतात, म्हणून शहाळ्याचा नियम तिलाही लागू. वायवर्ण्याची साल मुतखड्यावर जुन्या काळापासून देतात, पण रेडिएशनच्या सुजेवर ती उपयोगी पडते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. पाषाणभेद नावाखाली तर वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. महाराष्ट्रात पुष्कळ घरी कुंडीतल्या पानफुटीलाच पाषाणभेद म्हणतात. या कुळातल्या वनस्पतींमध्ये हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आढळतात. हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पानफुटीची पानं चावून खाऊ नयेत.

अश्वगंधेची गोष्ट अशी. केरळात त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायक्लोफॉस्फमाइड दिलेल्या उंदरांना अश्वगंधेचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या मूत्राशयाची इजा कमी झाली. हा प्रयोग प्रामाणिक आणि महत्त्वाचा आहे, आणि अशा संशोधनाला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण पेशंटच्या हातात बाटली देण्याआधी एक प्रश्न उरतो. हा अर्क मूत्राशयाला वाचवतो, तसाच गाठीलाही वाचवत असेल का? मेस्ना फक्त लघवीत जागं होतं. काढा साऱ्या अंगभर फिरतो. ही भीती हवेतली नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हळदीतलं कर्क्युमिन आहारातून दिलेल्या उंदरांच्या स्तनाच्या गाठींवर सायक्लोफॉस्फमाइडचा परिणाम कमी झालेला दिसला होता. भाजीतली चिमूटभर हळद चालेल, पण केमोच्या दिवसांत कर्क्युमिनच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

क्रॅनबेरीच्या पुड्या हल्ली मेडिकलमध्ये सर्रास मिळतात. हे फळ आपलं नाही, पण पेशंटच्या हाती येतं. 2023 मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 50 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये आणि इतर काही गटांमध्ये क्रॅनबेरीने संसर्गाचा धोका कमी होतो, असं त्यात आढळलं. म्हणजे ती संसर्ग टाळायला मदत करू शकते. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर तिच्याबद्दल आधी विचारावं.

पुडीत काय आहे?

खरी काळजी मला या वनस्पतींची नाही, नाव नसलेल्या पुडीची आहे. लघवीच्या आगीसाठी दिलं जाणारं पांढरं चूर्ण बऱ्याचदा वनस्पतीचं नसतंच. श्वेत पर्पटीत सोरा, तुरटी आणि नवसागर असतो. यवक्षार म्हणजे जवाच्या झाडाची राख धुऊन काढलेला क्षार. सोरा आणि यवक्षार दोन्ही पोटॅशियमचेच. निरोगी माणसाला वैद्याने मोजून दिलेली मात्रा वेगळी, आणि सिस्प्लाटिन घेऊन किडनी शिणलेल्या माणसाने अंदाजाने घेतलेला चमचा वेगळा. चंद्रप्रभा वटी हे नाव घरोघरी माहीत आहे. तिच्यात लोहभस्म, माक्षिक भस्म, शिलाजित आणि गुग्गुळ असतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यात भेसळ आली की प्रश्न आणखी गंभीर होतो. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवर विकली जाणारी 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. बेल्जियममधली घटना याहून भयंकर आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच वनस्पती गेली. शंभराहून अधिक जणींच्या किडन्या खराब झाल्या, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. त्याच कुळातली ईश्वरी, काही भागांत जिला सापसंद म्हणतात, आपल्याकडे विषावर आणि तापावर वापरली जाते. ही वनस्पती पोटात घेऊच नये.

चांगल्या वैद्यांबद्दल मला आदर आहे, आणि चांगला वैद्य ओळखायची एक सोपी खूण आहे. तो आधी केमोची फाइल मागतो, क्रिएटिनिन पाहतो, औषधाचं नाव कागदावर लिहून देतो आणि ते ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, दाखवायला सांगतो. नाव विचारल्यावर 'गुप्त औषध आहे' असं सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

घरी थांबायचं नाही अशा वेळा

केमोनंतरच्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर लघवीची आग असो वा नसो, त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्री, हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या, किंवा पोट फुगून लघवी पूर्ण अडली, तरी तसंच. कमरेच्या वर पाठीत कळा येणं, दिवसभर लघवीच न होणं, पायांवर अचानक सूज येणं, यांत काढ्याचा प्रयोग करू नये.

लाल लघवी प्रत्येक वेळी रक्ताचीच असते असंही नाही. डॉक्सोरुबिसिन, ज्याला पेशंट 'लाल इंजेक्शन' म्हणतात, ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. औषधाचाच तो रंग असतो. त्याला घाबरून कुठलंही थंड औषध घ्यायची गरज नाही. पण लाली त्यानंतरही राहिली किंवा सोबत आग असेल, तर तपासणी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट रेडिएशन संपवून गावी गेलेल्यांसाठी. किरणांचा एक परिणाम उशिरा दिसतो, कधी काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी. मूत्राशयातल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद आणि नाजूक होतात, आणि अचानक दुखल्याविना लघवीतून रक्त येतं. बाईने दहा वर्षांपूर्वी उपचार घेतले असतील, तर गावच्या डॉक्टरांना तो संबंध लगेच सुचत नाही. रक्त दिसलं की 'मला पोटावर रेडिएशन दिलेलं होतं' हे वाक्य पहिल्यांदा सांगायचं. मग दुर्बिणीतून मूत्राशय पाहतात, कॅन्सर परतलेला नाही ना याची खात्री करतात. रक्त थांबवायला मूत्राशय धुण्यापासून उच्च दाबाच्या ऑक्सिजनपर्यंत उपचार आहेत. उत्तर युरोपातल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा ऑक्सिजन उपचाराने पेशंटचा त्रास कमी झाल्याचं दिसलं. अशा उशिराच्या रक्तस्रावावर महिनोन्महिने दूर्वांचा रस घेत राहिलेल्या बायका हॉस्पिटलात येतात, तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं असतं.

पुढच्या तपासणीला जाताना घरात जे जे चालू आहे ते एका पिशवीत भरून न्या. काढ्याची बाटली, गोळ्यांची डबी, नाव नसलेली पुडीसुद्धा. डॉक्टर रागावतील म्हणून घरातले लोक हे लपवतात, आणि वाढलेल्या क्रिएटिनिनचं कारण शोधण्यात आठवडे जातात. डॉक्टर घाईत असतील तर पिशवी नर्सकडे किंवा औषधं देणाऱ्या फार्मासिस्टकडे द्या, आणि प्रश्न एवढाच विचारा: सध्या चालू असलेल्या केमोबरोबर आणि माझ्या किडनीच्या रिपोर्टवर यातलं काय चालेल, काय बंद करू?